किशनरावांचा फोटो मी बिघडवला

मी एक लाकडी कॅमेरा. सागवानाचा, पितळी कोपऱ्यांचा, मधे कातडी भाता असलेला. हल्लीच्या पोरांनी मला पाहिलं की विचारतात, “हे काय, पेटी आहे का वाजवायची?” त्यांचा दोष नाही. माझ्या मधल्या भागाला घड्या आहेत आणि तो पेटीच्या भात्यासारखाच उघडतो, मिटतो. पुढं लेन्स, मागं दुधी काच. माझ्यात एका वेळी एकच मोठी फिल्म बसते, तळहाताएवढी. एक फोटो काढायला दहा मिनिटं लागतात आणि माणसाला डोक्यावर काळं फडकं घ्यावं लागतं.

आज मला माझी कर्तबगारी सांगायची नाही. एक अपराध सांगायचा आहे. तो दोन बायका आपापल्या माथी घेऊन बसल्या आहेत आणि खरं काय घडलं ते फक्त मला माहीत आहे.

माझा जन्म हैदराबादचा. तिथल्या एका म्हाताऱ्या सुतारानं मला घडवलं, आणि नांदेडच्या किशनरावांनी मला एस.टी.त मांडीवर घेऊन घरी आणलं. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. नांदेडच्याच वजिराबादेत एका बोळात त्यांनी स्टुडिओ टाकला. त्यानंतर तीस वर्षं मी या भागातली माणसं पाहिली. शाळांचे ग्रुप फोटो, नवरा-नवरी, बारशी, निरोप समारंभ. माणसं गमतीची असतात. घरी भांडून आलेली जोडपी माझ्यापुढं खांद्याला खांदा लावून बसत. एरवी गप्पा हाणणारे सरपंच श्वास कोंडून असे उभे राहत की जणू पोलीस ठाण्यात आणलंय. लेकराला “हास रे” म्हणून चिमटा काढणाऱ्या आया तर किती पाहिल्या.

पण एक माणूस मला कधीच दिसला नाही. किशनराव. ते कायम माझ्या पाठीशी. त्यांचा श्वास मला ठाऊक होता, बोटं ठाऊक होती, फडक्याखाली ते पुटपुटायचे तेही ठाऊक होतं. चेहरा मात्र नाही, कारण मला दिसतं ते लेन्समधून, आणि लेन्सपुढं ते कधी उभेच राहिले नाहीत.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यांच्या लग्नात फोटो काढायचं काम त्यांच्या हाताखालच्या भागवतकडं होतं, तेही उसन्या आणलेल्या कॅमेऱ्यावर; मी दुकानातच होतो. फिल्मच्या होल्डरला पुढं एक पातळ झाकण असतं. फोटो घेण्याआधी ते वर ओढून काढायचं, नाहीतर फिल्मला उजेडच लागत नाही. भागवतनं ते एकदाही काढलं नाही! सगळ्या फिल्मा कोऱ्या निघाल्या. तेव्हापासून किशनरावांची बायको लक्ष्मम्मा म्हणायच्या, “अख्ख्या जिल्ह्याचं लगीन तुमच्या दुकानात हाय, आपलंच न्हाई.” त्या देगलूरपलीकडच्या, माहेर तेलुगू. सगळा बोळ त्यांना अम्मा म्हणायचा. किशनराव दर वेळी म्हणत, “काढू की. पुढच्या महिन्यात काढू.” असे महिने पन्नासेक वर्षं पुढं गेले. मोबाईल आले तरी कुणी त्यांच्यावर रोखला की ते हात आडवा धरत. “ह्याला काय फोटो म्हणतेत व्हय?”

पुढं माझं काम सुटलं. रंगीत रीळ आलं, मग मोबाईल. मी काचेच्या कपाटात जाऊन बसलो. मला विसरल्या नाहीत त्या फक्त अम्मा. दर खंडेनवमीला, जेव्हा लोक आपापली हत्यारं पूजतात, तेव्हा त्या मला बाहेर काढायच्या. चिंचेनं माझं पितळ घासायच्या, पाटावर मांडून हळदीकुंकू लावायच्या. “ह्याच्यावर घर चाललं,” म्हणायच्या. मला फार बरं वाटायचं. खरं सांगतो, मी चढून गेलो होतो.

मग स्टुडिओची पाटी उतरली. मुलगा आदिनाथ हैदराबादला कंपनीत लागला होता. किशनराव म्हणाले, हे दोन कॅमेरे तरी शिकणाऱ्याच्या हाती जाऊ द्या. दोन म्हणजे एक मी, आणि दुसरा एक राखाडी रंगाचा, लोखंडी डब्यासारखा. तो त्यांनी नंतर घेतला होता. मी त्याच्याशी कधी धड बोललो नाही.

त्याच सुमारास सुकन्या आली. निलंग्याजवळच्या गावची, लातूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला. सव्वीस वर्षांची. हातात वही, वहीत प्रश्नांची यादी.

“काका, माझ्या मोबाईलमध्ये अकरा हजार फोटो आहेत,” ती म्हणाली. “एकही आठवत नाही. मला असा कॅमेरा पाहिजे की एक फोटो काढायच्या आधी मला थांबून बघावं लागेल. पण मी अगदी नवीन आहे. पहिला कोणता घ्यावा ते कळत नाही.”

किशनराव खूष झाले. असं विचारणारं कुणी वर्षानुवर्षं आलं नव्हतं. त्यांनी आम्हा दोघांना ओसरीवर मांडलं. सुकन्यानं वही उघडली. वजन किती, फिल्म कोणत्या मापाची, ती आता मिळते का, भाता किती लांब उघडतो, उन्हापावसात काय होतं. एकेक प्रश्न ती विचारत गेली. जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला तो राखाडी डबाच सरस ठरत होता.

“हे बघ माय,” किशनराव म्हणाले, “ह्याचा भाता जाड कापडाचा हाय. ह्याला काही होत न्हाई. गाडीवरून पडला तरी उठून फोटो काढंल. आन् हा,” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, “हा दिसायला नवरदेव हाय. पण भाता कातडी, जुना, लई पातळ. पुढची लेन्सची फळी बी ढिली, मधेच घसरती. पहिल्यांदा घेऊन राहिलीस ना, मग तो घे. ह्याला जपावं लागतंय.”

इतकं सरळ कुणी सांगेल? पण सुकन्या ऐकत ऐकत माझ्याकडं बघत होती. आदल्याच दिवशी अम्मांनी माझं पितळ चिंचेनं लख्ख केलं होतं. सकाळचं ऊन माझ्या कोपऱ्यांवर पडलं होतं. तिनं बोट फिरवलं आणि माझं लाकूड तिला मऊ लागलं.

“काका, मी जपेन ह्याला,” ती म्हणाली. “मला हाच द्या.”

दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं. मला तेव्हा त्या डब्यापुढं जिंकल्याचा आनंद झाला. एका शिकाऊ पोरीच्या पहिल्या कॅमेऱ्याला काय काय सोसावं लागतं, तिला कशाची गरज आहे, हा विचार माझ्या मनात आला नाही. माझा पहिला अपराध हा.

अम्मा लेकीबाळींनाही तेलुगू रीतीनं अम्माच म्हणायच्या. निघताना म्हणाल्या, “ने अम्मा, तूच ने. पण खंडेनवमीला घेऊन ये. मी पूजा केल्याबिगर राहणार न्हाई.” आणि किशनरावांनी तिला दिवसभर बसवून सगळं शिकवलं. शेवटी म्हणाले, “भाता तपासत जा. अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लाव. बाहेर उजेड दिसला का समज, भोक हाय. सुईएवढ्या भोकानं बी फोटो जातोय.”

सुकन्यानं मला खरोखर जपलं. लातूरच्या तिच्या खोलीत माझ्यासाठी वेगळी उशी होती. दर रविवारी ती मला गावाकडं न्यायची. तिचे वडील अण्णाराव देवणी गाय धरून उभे राहायचे आणि कुरकुरायचे, “एका फोटोला एवढा येळ? तवर गाय रवंथ करून झोपंल.” पहिले कितीतरी फोटो वाया गेले. एकदा फिल्म उलटी बसली, एकदा एकाच फिल्मवर गायही आली आणि एस.टी. स्टँडही. ती चिडली नाही. वहीत लिहून ठेवायची, आज काय चुकलं. गायीचा पहिला नीट फोटो निघाला तेव्हा अण्णारावांनी तो तीन वेळा चष्मा पुसून पाहिला. एवढी गुणी पोरगी होती. भाताही ती दर आठवड्याला टॉर्च लावून बघायची. एक कण उजेड बाहेर येत नव्हता.

मग खंडेनवमी आली. आदल्याच दिवशी तिनं भाता तपासला होता. सकाळी लवकरची लातूर-नांदेड बस धरली. मला पिशवीत घालून वरच्या कॅरिअरवर ठेवलं, आणि आठवडाभराच्या कामानं थकलेली, तिला डुलकी लागली. एवढंच. त्या बसमध्ये मला काहीही झालं नाही, हे लक्षात ठेवा.

अम्मा वाटच बघत होत्या. “रा अम्मा, रा,” असं तेलुगूत ‘ये बाई, ये’ म्हणत त्यांनी पिशवी हातातून घेतली. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी पाट मांडला, मला पूर्ण उघडून त्यावर ठेवलं. गंध लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. अर्ध्या केळ्यात उदबत्त्या खोचून केळं माझ्या अगदी शेजारी ठेवलं. दर वर्षी दोन लावायच्या, यंदा चार लावल्या. मी परक्या घरी राहून आलो होतो ना, म्हणून.

केळं पिकलेलं होतं. चारांपैकी एक उदबत्ती हळूहळू कलली आणि तिचं पेटतं टोक माझ्या भात्याला टेकलं.

मला चटका कळला. कातडं जळल्याचा वास आला असेल, पण उदबत्तीच्या वासात तो कुणाला वेगळा येणार! अम्मांनी आरती करताना उदबत्ती तिरपी दिसली म्हणून सरळ केली आणि हात जोडले. घडीच्या आतल्या बाजूला एक बारीक भोक पडलं होतं. त्यांना ते दिसलं नाही. चांगल्या डोळ्यांनाही दिसलं नसतं.

प्रसाद झाल्यावर सुकन्या म्हणाली, “काका, आज तुमचा दोघांचा फोटो काढते मी.”

“मी फोटो काढणारा माणूस. फोटोत कशाला?” किशनरावांनी नेहमीचं सुरू केलं.

“पन्नास वर्षं हेच ऐकून राहिले मी,” अम्मा म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, पण त्यांचा आवाज असा लागला की किशनराव लगेच उठले. आत गेले आणि इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले.

अंगणात दोन खुर्च्या मांडल्या. दहा-साडेदहाचं ऊन डावीकडून येत होतं. सुकन्यानं मला स्टँडवर चढवलं, फडकं डोक्यावर घेतलं, आणि लेन्स उघडली.

मला किशनराव दिसले. आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या काचेवर सगळं उलटं पडतं, तसे तेही उलटे, पाय वर आणि डोकं खाली. कपाळ रुंद होतं. उजव्या गालावर तीळ. डावा डोळा किंचित मिटलेला. पन्नास वर्षं एक डोळा बारीक करून बघायची सवय, ती गेलीच नव्हती. ओठ मिटलेले, पण कोपऱ्यात हसू दाबलेलं. हा माणूस इतका साधा दिसत असेल असं मला वाटलं नव्हतं. मला तो चेहरा फार आवडला.

आता माझा दुसरा अपराध ऐका. माझी पुढची फळी ढिली आहे, हे किशनरावांनी सांगितलंच होतं. ती कधीही घसरते. घसरली की सुकन्याला मला स्टँडवरून उतरवावं लागतं, आणि उतरवलं की ती आधी अंधारात टॉर्च लावून भाता बघते, ही तिची शिस्त. त्या दिवशी फळी घसरली असती तर भोक सापडलं असतं. पण किशनराव समोर होते. त्यांच्यापुढं मान टाकायची मला लाज वाटली. शिवाय तो चेहरा मला बघायचा होता. मी सगळं अंग आवळून ताठ उभा राहिलो. वर्षभरात पहिल्यांदाच माझी फळी तसूभरही हलली नाही. सुकन्या खूष होऊन म्हणाली सुद्धा, “बघा काका, तुमच्यासमोर कसा शहाण्यासारखा वागतोय!”

तिनं होल्डरचं झाकण ओढून काढलं. आता फिल्म माझ्या पोटात उघडी होती. पटकन फोटो घेतला असता तर एखाद वेळेस निभावलं असतं. पण त्याच क्षणी अम्मा उठल्या. किशनरावांच्या सदऱ्याची कॉलर वाकडी होती. ती नीट केली. मग बसल्या, पदर सारखा केला. मग पुन्हा उठून त्यांच्या कपाळावरचं गंध पुसून नवं लावलं.

“बस की आता,” किशनराव हसत म्हणाले. “फोटोच्या येळंला हलू न्हाई. जिंदगीभर लोकांला हेच सांगत आलो.”

“पन्नास वर्षांनी एक निघून राहिलाय, नीट नको निघाया?”

सुकन्या हसत थांबली होती. त्या दीड-दोन मिनिटांत ऊन त्या बारीक भोकातून आत येत राहिलं. मला ते फिल्मवर पडताना जाणवत होतं. मी काय करणार होतो! मग तिनं खटका दाबला. होल्डरच्या पाठीमागच्या बाजूलाही एक फिल्म असते; तो उलटवून तिच्यावरही फोटो घेतला. तेव्हाही तेच.

संध्याकाळी सुकन्या लातूरला परतली. फिल्म धुवायची पावडर संपली होती, ती मागवली. त्यात कॉलेजच्या परीक्षा, मग दिवाळीची तयारी. “काका काय कुठं पळून जातायत,” असं तिच्या तोंडून एकदा सहज गेलं. ते वाक्य तिला पुढं फार लागलं.

अठराव्या दिवशी आदिनाथचा फोन आला. किशनराव सकाळी खुर्चीत पेपर वाचता वाचता गेले होते. “ताई,” तो म्हणाला, “दादांचा एक चांगला फोटो तुमच्याकडं हाय म्हणं. आमच्याकडं एकबी धड न्हाई. तेराव्याला लागतोय.”

पावडर येऊन पडली होती. सुकन्यानं त्याच दुपारी न्हाणीघराच्या झरोक्याला काळा कागद लावला आणि फिल्म धुतली. मी बाहेर टेबलावर होतो. आतून बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता, मग तो थांबला. ती बाहेर आली ती दोन्ही फिल्मा हातात धरून. खिडकीपाशी उभं राहून तिनं त्या उजेडात पाहिल्या. अम्मा दोन्हींत स्वच्छ आल्या होत्या, पदराच्या काठासकट. शेजारी सदरा होता, हात होते, आणि चेहऱ्याच्या जागी दोन्हींत काळा डाग. कागदावर छापल्यावर तो पांढराफट्ट होणार होता. ना तीळ, ना डोळा, ना हसू.

तिनं मला न्हाणीघरात नेलं, आत टॉर्च लावला. भात्यातून एक ठिपका चमकला. ती तिथंच ओल्या फरशीवर बसली. “बसमध्ये झोपले मी,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. “कॅरिअरचा खिळा लागला असणार. मी झोपले, आणि तिथं गेल्यावर तपासलंही नाही.”

तेराव्याला भिंतीवर जो फोटो लागला तो आधार कार्डावरचा, मोठा करून घेतलेला. साऱ्या नांदेडचे फोटो काढणारा माणूस स्वतःच्या घरात असा धुरकट, घाबरलेला, भलताच कुणीतरी वाटत होता.

पंधरा दिवसांनी सुकन्या मला घेऊन अम्मांकडं गेली. मला परत करायला. तिनं आधी खंडेनवमीचा तो फोटो, कागदावर छापलेला, त्यांच्या हाती दिला. अम्मांनी तो चांगल्या डोळ्याजवळ नेला.

“मी बरी आले की गं,” त्या म्हणाल्या. मग बोट सरकलं. “हे पांढरं काय हाय?”

“काका आहेत ते, अम्मा. माझी चूक झाली. कॅमेऱ्याला भोक पडलं होतं, मी बघितलं नाही.” सुकन्यानं मला पाटावर ठेवलं.

अम्मा बराच वेळ त्या पांढऱ्या जागेवर बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “न्हाई माय, तुझं काय चुकलं. त्या दिवशी मी चार उदबत्त्या लावल्या, तरी देव पावला न्हाई. माझ्याच पूजेत काही कमी पडलं असंल.”

“असं नका म्हणू, अम्मा.”

“मंग काय म्हणू? पन्नास वर्षांत एक डाव बसले ते माझ्याशेजारी.”

दोघी रडल्या. मी त्यांच्या मधे पाटावर होतो. मला तोंड असतं तर मी काय बोललो असतो, हे मी आजवर हजार वेळा ठरवून पाहिलं आहे. भोक खिळ्याचं नाही, हे सांगितलं तर सुकन्या सुटेल. पण मग ते कशाचं, हा प्रश्न येणारच. आणि त्याचं उत्तर ज्या म्हातारीनं मला एवढ्या वर्षांत एकदाही बिनपूजेचं ठेवलं नाही, तिच्या उरावर जाऊन बसेल. एकीला सोडवायचं तर दुसरीला बुडवायचं. माझं मुकेपण त्या दिवशी मला सोयीचं वाटलं, याचीही मला शरम आहे.

अम्मांनी मला ठेवून घेतलं नाही. “मला दिसत न्हाई, मी काय करू त्याचं?” म्हणाल्या. सुकन्यानं मला परत लातूरला आणलं आणि कपाटावर ठेवलं. तिनं त्यानंतर एकही फोटो काढलेला नाही. वहीही बंद आहे. अण्णारावांनी परवा फोन करून विचारलं, गायीला कालवड झाली, फोटो काढायला कधी येतीस? ती म्हणाली, “बाबा, मोबाईलवर काढा की.”

आता भोकरची ऋतुजा नावाची एक मुलगी मला बघायला येणार आहे. तीही नवीनच, तिचाही पहिलाच कॅमेरा. सुकन्यानं तिला फोनवर आधीच सांगून टाकलं, “त्याच्या भात्याला भोक आहे. माझ्या हातून पडलंय.” ऋतुजा, तू माझ्या पितळाला भुलू नकोस. भाता जाड कापडाचा असलेला एखादा राखाडी डबा मिळाला तर तो घे. आणि मला घेणारच असशील तर भोक बुजवण्याआधी भिंग घेऊन त्याचा काठ एकदा बघ. काठ जळलेला आहे, कातडं आतल्या बाजूला आखडलं आहे. खिळ्यानं असं होत नाही. हे सुकन्याला दाखव. ती हुशार आहे, एका नजरेत ओळखेल, आणि तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. पुढचं कुणाला सांगायचं नाही, हे तिला सांगावं लागणार नाही.

आणि तुम्ही कुणी हे वाचून नांदेडला गेलात तर अम्मांना जरूर भेटा. त्या चहा करतील, तो घ्या. यातलं मात्र एक अक्षर बोलू नका. त्या तुम्हालाही विचारतील, येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, की माझ्या पूजेत काही कमी पडलं असंल का हो? त्यांना सांगा, नाही अम्मा, काहीच कमी पडलं नव्हतं.